सतरा गाणी, चार बाजू आणि दादाचा दोन नंबर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांची आणलेली पहिली तबकडी (रेकॉर्ड) वाकडी निघाली, तिथूनच सुरुवात करते. सुई अशी वरखाली होत होती, जणू खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटी चाललीय. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तुमचं टर्नटेबल लेव्हलमध्ये नसेल." मग मी तबकडी टीपॉयच्या काचेवर आडवी ठेवली, तिच्या कडेखालून लग्नाची पत्रिका आरपार सरकवली आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. बदलून मिळाली, पण तीन आठवडे आणि नगर-पुणे दोन फेऱ्या गेल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुसरी तबकडी त्यांनी स्वतः लावून, तपासून दिली. तिथल्या पोरानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मुलासाठी गिफ्ट का?" वय ५३, अंगावर कॉटनची साडी, पिशवीतून मेथी डोकावतेय. त्याचं फार चुकलं असं नाही.

वस्तू आहे क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स'. मूळ संग्रह १९८१चा. ब्रिटनमध्ये ७० लाखांच्या वर प्रती खपलेला हा पहिला अल्बम. मुखपृष्ठावर लॉर्ड स्नोडनने काढलेला चौघांचा फोटो. मी घेतलेली आवृत्ती दोन तबकड्यांची, अ‍ॅबे रोड स्टुडिओत हाफ-स्पीड पद्धतीनं कापलेली. मूळ संग्रह एकाच तबकडीवर होता. सतरा गाणी, जवळपास ५८ मिनिटं, म्हणजे एका बाजूवर २९ मिनिटं. ज्यांनी तबकड्या वाजवल्यात त्यांना कळेल की हे म्हणजे सहा आसनी रिक्षात अकरा माणसं. चर अरुंद कापावे लागतात, आवाज दबतो, आणि सुई मध्याकडे सरकली की 'स'कार फाटायला लागतात. इथं गाणी चार बाजूंवर पसरलीत. त्यात कापताना मूळ ध्वनी आणि कापणारं यंत्र दोन्ही निम्म्या वेगानं चालवतात, त्यामुळे झांजा-टाळ्यांसारखे वरचे बारीक आवाज कोरायला यंत्राला दुप्पट वेळ मिळतो. ही जाहिरातबाजी असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. पण ते पुढे.

आधी दादाबद्दल सांगायला हवं, कारण हे परीक्षण म्हणजे खरं तर पस्तीस वर्षं चाललेल्या भांडणाचा ताजा अहवाल आहे.

दादा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. १९८९च्या नाताळात तो हॉस्टेलवरून एक कॅसेट घेऊन घरी आला. मित्राच्या काकांनी लंडनहून आणलेल्या तबकडीवरून भरून घेतलेली. साठ मिनिटांच्या कॅसेटवर ही सतरा गाणी जणू मापून शिवल्यासारखी बसतात. पहिली बाजू 'सेव्ह मी'वर संपायची, मग थोडी रिकामी टेप सुरसुरायची आणि खट्. आजही 'सेव्ह मी' कुठंही संपलं की माझा कान त्या 'खट्'ची वाट बघतो.

कॅसेटच्या आतल्या कार्डावर दादानं निळ्या बॉलपेननं गाण्यांना नंबर दिले. मी त्याच्याच शेजारी पेन्सिलनं माझे दिले. मी तेव्हा बारावीत. पेन्सिल कारण दादा म्हणाला, "तुझं मत बदलणार आहे." ते कार्ड अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात आणि 'ऱ्हॅप्सडी'चं स्पेलिंग दोघांनीही चुकवलंय.

दादाचा एक नंबर अर्थातच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. दोन नंबर 'नाऊ आय'म हियर'. माझा एक नंबर 'समबडी टू लव्ह'. दादानं त्याला सात दिला होता. सात!

आता मी कोण हे सांगते, म्हणजे माझा कल कुठून येतो ते कळेल. मी चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे चार सुरांतला मधला बायकी सूर, गाते, ३२ वर्षं झाली. आल्टोचं दुःख आल्टोलाच माहीत. चाल सोप्रानोकडे, गडगडाट बेसकडे, टेनर चारच असले तरी मिरवतात. आमचा सूर मधे, कुणाला ऐकू येत नाही, पण नसला की सगळं पोकळ वाटतं. त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की मी चाल सोडून मधे काय चाललंय ते ऐकते. आणि 'समबडी टू लव्ह'मध्ये मधे जे चाललंय ते ऐकून मी त्या नाताळात तीन वेळा टेप मागे फिरवली होती.

ते गाणं १९७६चं. एखाद्या चर्चमधली पन्नास-शंभर माणसं गाताहेत असं वाटतं, आणि आहेत फक्त तीन. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर. बास गिटारवाला जॉन डीकन त्यात गात नाही. तिघांनी आपले आवाज एकावर एक थापत नेले. टेलर वरचा सूर, मे खालचा, आणि मधला सूर सांभाळतो फ्रेडी. म्हणजे इतका गाजलेला गायक, आणि समूहात गाताना तो आमच्या जागेवर! हे मला पुष्कळ नंतर कळलं आणि त्या दिवशी मी क्वायरच्या सरावाला जरा ताठ मानेनं गेले. फ्रेडीच्या डोक्यात अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनची गॉस्पेल, म्हणजे तिथल्या चर्चमधली, गायकी होती. ठेका झुलता, सहाच्या चालीचा. आमच्या पप्पांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेटीवर बोटं आपटत म्हणाले, "हा तर दादरा." पप्पा चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर वाजवायचे, त्यांना सगळीकडे दादरा-केरवाच दिसायचा, पण इथं ते बरोबर होते. तोच झुलता ठेका पुढं 'वी आर द चॅम्पियन्स'लाही आहे. आणि ते गाणं लोक मॅचमध्ये हात वर करून का डोलत गातात, तर त्यामुळेच.

इथं पाचगणीचा विषय निघणारच. फ्रेडी म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा, फारोख बलसारा. आठेक वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला पाठवलं. पियानो तिथं शिकला, शाळेच्या क्वायरमध्ये गायला, पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. पाचगणीला गेलेला प्रत्येक मराठी माणूस आता हे सांगतो, टेबल लँडवर घोड्यावर बसून सांगतो. मला त्यातला क्वायरचाच भाग महत्त्वाचा वाटतो. लहानपणी चार सुरांच्या मधे उभं राहून जो गायलाय, त्याला शेजारचा सूर कायमचा ऐकू यायला लागतो. दादाचं म्हणणं, हे सगळं मी माझ्या सोयीनं जुळवते. असेल.

तर या नाताळात दादा चिंचवडहून आला. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. जेवणं झाली, वहिनी आणि मी आवरत होतो, आणि मी तिसरी बाजू लावली. 'समबडी टू लव्ह'. मध्यानंतर एक जागा आहे, जिथं वाद्यं जवळजवळ थांबतात आणि तेच एक वाक्य अगदी खालच्या, पुटपुटल्यासारख्या सुरात सुरू होतं. मग एकेक थर चढत जातो, टाळ्या येतात, आणि सगळं वर वर जात राहतं. कॅसेटवर हा भाग म्हणजे एक मोठा गोंगाट होता, सुंदर पण गोंगाट. या तबकडीवर थर वेगळे दिसतात. दिसतात असंच म्हणावं लागेल. तळाचा आवाज आहे तिथंच उभा आहे, दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून येतो, तिसरा दाराशी. दादाच्या हातात बडीशेपेची वाटी होती, ती तशीच राहिली. गाणं संपल्यावर म्हणाला, "हे आपल्या कॅसेटवर नव्हतं."

होतं. आपल्या टेपरेकॉर्डरला एकच स्पीकर होता.

पण त्याच न्यायानं मलाही माझे शब्द गिळावे लागले, हेही सांगते. 'नाऊ आय'म हियर'ला मी १९८९ साली सोळा दिला होता. मला ते नुसतं धडधड वाटायचं. ब्रायन मेनं ते १९७४मध्ये आजारपणात लिहिलं. अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याला कावीळ झाली होती, दौरा अर्धवट सोडून परतावं लागलं. सुरुवातीला फ्रेडीचा आवाज एकीकडून येतो, मग दुसरीकडून, 'इथं आहे, तिथं आहे' असा लपंडाव. एका स्पीकरवर हा लपंडाव खेळताच येत नाही, दोन्ही पोरं एकाच पलंगाखाली! आता दोन स्पीकरच्या मधे बसून ऐकलं आणि दादाकडे न बघता कार्डावरचा सोळा खोडून नऊ केला. तो काही बोलला नाही, पण हसला. ते हसणं मला अजून झोंबतंय.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला मी चौथा नंबर देते आणि त्यावरून मला दोनदा घरातून उठून जायची धमकी मिळालीय. गाणं थोर आहे, वाद नाही. १९७५ साली सहा मिनिटांचं सिंगल (सुट्या गाण्याची छोटी तबकडी) काढणं हाच वेडेपणा, त्यात मधे ऑपेरा. त्या ऑपेराच्या भागासाठी आवाज इतक्या वेळा एकावर एक चढवले की टेपवरचा थर झिजून टेप आरपार दिसायला लागली, अशी त्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. २४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी गेला आणि पुढच्याच महिन्यात ते पुन्हा पहिलं आलं. 'बिस्मिल्ला' आल्यावर आई चमकून बघायची. आणि 'बीएलझेबब' कोण हे दादाला कळत नव्हतं, ते मी सांगितलं. आपल्या बायबलातला बालजबूल, भुतांचा अधिपती. इंजिनिअरिंगचा टॉपर, पण रविवारच्या शाळेत लक्ष नसायचं.

मग चौथा का? कारण ते गाणं माझ्याशिवाय पूर्ण आहे. त्यात माझ्यासाठी जागा नाही. ऐकायचं, थक्क व्हायचं, टाळ्या वाजवायच्या. 'समबडी टू लव्ह'मध्ये मला उभं राहून गावंसं वाटतं, तेही मधल्या सुरात. दादा म्हणतो हा निकष नाही. मग कुठला निकष, दादा? गिटार किती मिनिटं वाजली?

कारण त्याचा खरा निकष तोच आहे. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' माझ्याकडे तिसरं, त्याच्याकडे चौदावं, का तर त्यात गिटार नावालाच आहे. सगळं गाणं पियानोनं पळवलंय, ब्रायन मेला शेवटाकडे एक छोटा तुकडा मिळतो. १९७९मध्ये ते ब्रिटनमध्ये नवव्या नंबरपर्यंतच गेलं होतं, आज लग्नापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे तेच. मे हा भौतिकशास्त्राचा माणूस, वडिलांच्या मदतीनं जुन्या शेकोटीच्या लाकडातून स्वतःची गिटार बनवलेला, आणि २००७मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी पुरी केलेला. दादाचा तो देव आहे. मला मान्य आहे, पण देवानं प्रत्येक गाण्यात दर्शन द्यायला हवं असं कुठं आहे?

माझ्याकडे दोन नंबरवर 'किलर क्वीन'. तीन मिनिटांत एवढं नक्षीकाम, एक टाकासुद्धा उसवलेला नाही. चुटक्या, पियानो, मागून डोकावणारे आवाज. यावर मी भांडतही नाही.

'अनदर वन बाइट्स द डस्ट' मात्र या तबकडीवरचं सगळ्यात चांगलं वाजणारं गाणं. डीकनचं. बासची ती सुरुवात घुमत नाही, टक् टक् टक् अशी कोरडी येते, खोबऱ्याच्या वाटीवर नख मारल्यासारखी. ते सिंगल म्हणून काढा असं मायकल जॅक्सननं सुचवलं होतं आणि १९८०मध्ये ते अमेरिकेत पहिलं आलं. दादाच्या यादीत बारावं, कारण "हे डिस्को आहे". तुमचं टर्नटेबल आणि स्पीकर तपासायचे असतील तर हेच लावा. खालची खोली गदगदली तर स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा. मला वीतभर ओढावे लागले.

'वी विल रॉक यू'मध्ये ड्रम नाहीत, हे दादाला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि हा माझ्या आयुष्यातल्या मोजक्या विजयांपैकी एक. १९७७ साली लंडनमधल्या एका स्टुडिओत, जो मुळात चर्चचा हॉल होता, यांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि टाळ्या वाजवल्या. मग मेनं त्याच आवाजाच्या उशिरानं येणाऱ्या प्रती वर चढवल्या, आणि त्यांच्या उशिरांची अंतरं मूळ संख्यांच्या हिशेबानं ठेवली, म्हणजे प्रतिध्वनी न वाटता गर्दी वाटावी. गणित असं वापरलं तर मुलं नापास का होतील? तबकडीवर लक्ष देऊन ऐका, टाळी एकजीव नाही, कडा विस्कटलेल्या आहेत. नगरच्या मैदानावर आम्ही ती वाजवायचो तशीच.

बाकीची पटापट. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' डीकननं बायकोसाठी लिहिलं आणि त्यातला इलेक्ट्रिक पियानो स्वतःच वाजवला, कारण फ्रेडीला ते वाद्य आवडायचं नाही. सहावा नंबर. 'क्रेझी लिटल थिंग' फ्रेडीला म्युनिकच्या हॉटेलात आंघोळीच्या टबात सुचलं. दादा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटारवर ते वाजवायचा, म्हणून त्याच्याकडे तिसरं. घराणेशाही, दुसरं काय. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आई स्वयंपाकघरात असताना फॉरवर्ड केलं जायचं, त्यामुळे ते मला अजून नीट पाठ नाही. 'बायसिकल रेस'मधल्या घंट्या इथं खणखणीत ऐकू येतात, नंबर तरी पंधराच. आणि 'फ्लॅश' दोघांच्याही यादीत सतरावं. १९८०च्या सिनेमाचं गाणं, मधे संवाद घातलेत. आम्हाला कित्येक दिवस वाटायचं की मित्राच्या रेडिओवर नाटक चालू होतं आणि ते चुकून भरलं गेलं.

संग्रहाबद्दलची माझी खरी तक्रार निवडीची आहे. मी एकदा मोजलं. सतरापैकी फ्रेडीची दहा, मेची पाच, डीकनची दोन. टेलरचं शून्य! ज्याच्या वरच्या सुराशिवाय यातलं निम्मं कोसळेल त्याचं एकही गाणं नाही. त्याचं 'रेडिओ गा गा' आलं १९८४मध्ये, ते १९९१च्या दुसऱ्या संग्रहात गेलं. तसं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला त्याचंच गाणं होतं आणि प्रत्येक विक्रीमागे त्याला बरोबरीचे पैसे मिळाले, तेव्हा फार हळहळायचं कारण नाही. 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाही, हे मात्र मी माफ करत नाही. ते मैफिलीत लोकांनीच गाऊन मोठं केलं. इथं हिशेब चार्टवर काय चढलं याचा, आणि तो हिशेब कधीकधी कानाचा नसतो.

दुसरी तक्रार चार बाजूंची. दर चार-पाच गाण्यांनी उठायचं, तबकडी उलटायची, ब्रश फिरवायचा. गुडघे कुरकुरतात. आवाज हवा असेल तर एवढा व्यायाम करावा लागेल. सलग ऐकायचं असेल तर सीडी घ्या, किंवा फोनवर ऐका आणि सुखी राहा.

किंमत मला साडेचार हजारांच्या आत पडली. त्यात पुण्याच्या दोन फेऱ्यांचं भाडं धरलेलं नाही.

निघायच्या दिवशी दादानं कार्ड मागितलं, खिशातलं पेन काढलं आणि 'समबडी टू लव्ह'समोरचा सात खोडून दोन लिहिला. मी नुसती बघत राहिले. त्यानं दोन खोडला आणि दीड लिहिला. वहिनी म्हणाली, "अहो, दीड नंबर असतो का?" तो गाडीची किल्ली शोधत होता, म्हणाला, "ते हिच्या आल्टोला विचार."

घेणार असाल तर दुकानातच तबकडी काढून डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि हळूच फिरवा. कड वरखाली होताना दिसली तर पैसे देऊ नका.